तक्रारीचा टाळ



पायी वारी केलेल्या माणसाला समाजआरती समजावून सांगावी लागत नाही. तरी ज्यांचे येणे एकादशीच्या दर्शनापुरतेच होते, त्यांच्यासाठी थोडे लिहितो. माउलींची पालखी मुक्कामाच्या तळावर येते. मधोमध पालखी, भोवती दिंड्यांचे कडे. हजारो टाळ एकदम वाजत असतात. शेजारच्याने कानात ओरडले तरी ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड उंच करतात आणि ‘हो’ अशी आरोळी देतात. त्या एका शब्दासरशी सगळा तळ निःशब्द होतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. वर्तमानपत्रांतून या शांततेचे कौतुक दरवर्षी येते, आणि ते योग्यच आहे.

वडिलांबरोबर मी प्रथम त्या तळावर उभा राहिलो तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. सगळे गप्प झाले आणि डावीकडे कुठेतरी एका दिंडीचा टाळ वाजतच राहिला. मला वाटले, त्यांना आरोळी ऐकू गेली नसावी. वडील म्हणाले, “ऐकू गेलीय. त्यांची तक्रार आहे.”

दिंडीचा क्रम चुकला असेल, राहुट्यांना ठरलेली जागा मिळाली नसेल, पाणी पोचले नसेल, कोणी कोणाला वेडेवाकडे बोलला असेल. जी दिंडी दुखावली आहे ती टाळ थांबवत नाही. चोपदार तिच्यापाशी जातात, म्हणणे ऐकून घेतात, निवाडा होतो, मग तो टाळ थांबतो. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची यादी, उद्या निघायची वेळ, आणि मग आरती. हैबतबाबांच्या ज्या शिस्तीचा आपण अभिमान सांगतो, तिच्यातच ही रीत आहे. माउली पालखीत विराजमान आहेत, आरतीची सिद्धता झालेली आहे, आणि एका दिंडीला पाणी मिळाले नाही म्हणून सारा सोहळा खोळंबला आहे. ‘देवापुढे गाऱ्हाणी काढू नका’ असे तिथे कोणी म्हणत नाही.

चाळीस-बेचाळीस वर्षे मी कीर्तन केले. आता गळा गेला, वरचा सूर लागत नाही, म्हणून हातात लेखणी. समाजआरतीची ही रीत मी नारदांच्या गादीवरून कितीतरी वेळा रंगवून सांगितली असेल. तिचा अर्थ मात्र मला विचारला तो माझ्या नातीने.

नात पुण्याला कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. दिवाळीला आली तेव्हा काहीतरी लिहीत बसली होती. म्हणाली, “आजोबा, नागरी समाज म्हणजे काय, ते सोप्या भाषेत कसं लिहू?” मी म्हटले, आधी तूच मला सांग. ती म्हणाली, “एका बाजूला सरकार, एका बाजूला बाजार, एका बाजूला घर आणि भावकी. यांच्या मधे जी जागा उरते ना, तिथे माणसं कोणाच्या हुकमाशिवाय आणि फायद्याशिवाय आपणहून एकत्र येतात. मंडळं काढतात, सगळ्यांच्या प्रश्नांवर बोलतात, सरकारला जाब विचारतात. त्या जागेला नागरी समाज म्हणायचं.”

मला हसू आले. म्हटले, “अगं, मग दिंडी दुसरं काय आहे? आम्हाला कोणी हुकूम दिला होता का पायी चालायचा? भिशीचे पैसे आम्हीच गोळा करतो, आम्हीच रांधतो, पंढरीला पोचल्यावर हिशोब सगळ्यांसमोर होतो. विणेकरी कोण, पहिल्या ओळीत कोण, ते आम्हीच ठरवतो. एवढ्या वर्षांत कोणत्या सरकारनं आमची दिंडी चालवली?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “खरंय आजोबा. पण दिंडी तळाच्या बाहेर कधी टाळ वाजवते का? गावी परत गेल्यावर? तिथे कोणावर अन्याय झाला तर?”

मला उत्तर देता आले नाही, कारण त्याच क्षणी मला एक बाई आठवली. तिची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

साल 1986 किंवा 87 असेल. माणदेशाच्या कडेच्या एका गावात सप्ताह होता. पाऊस नव्हता. रानात हिरवे म्हणून काही नव्हते, आणि अर्धे गाव रोजगार हमीच्या कामावर होते. नव्या पिढीला ही हमी योजना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. 1972च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि नालाबांधावर माती टाकायला गेली. त्यातून महाराष्ट्राने एक विचार धरला, की खेड्यातला जो कोणी अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. वि. स. पागे यांचा त्यात मोठा वाटा. 1977 साली कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचे, अशी त्याची मांडणी. देशात असा कायदा दुसरीकडे कुठे नव्हता. काम मागणे ही भीक राहिली नाही, हक्क झाला. अर्थात कागदावर.

त्या गावात सप्ताहाचा मोठा खर्च ज्याने उचलला होता, तो वजनदार माणूस होता. मंडप त्याचा, काल्याचे जेवण त्याचे. कामावरची हजेरी त्याच्या घरातल्याच माणसाच्या हातात. मस्टरवर खोटी नावे आहेत, हे गावात सगळ्यांना माहीत होते. मलाही दुसऱ्या दिवशी कळले. सप्ताहात कीर्तनकाराच्या कानावर काय येत नाही?

चौथ्या रात्री मी दामाजीपंतांचे आख्यान लावले. ते माझ्या हातखंड्याचे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत, बेदरच्या बादशहाचे अधिकारी. दुष्काळात माणसे मरताना पाहवेना म्हणून त्यांनी सरकारी कोठारे उघडली. बादशहाने त्यांना धरून आणायला शिपाई पाठवले. तेव्हा पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन, खांद्यावर घोंगडी टाकून दरबारात गेला, धान्याचे मोल मोजून दिले आणि बादशहाकडून पावती घेतली. पावतीच्या ठिकाणी मी नेहमी थोडा थांबत असे. देवाला पावती कशाला हवी? भक्तावर पुन्हा आळ येऊ नये म्हणून! असे म्हटले की मंडप डोलत असे. त्या रात्रीही डोलला.

सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. पन्नाशीची एक बाई आली, पाया पडली आणि उभीच राहिली. हातांना मातीच्या भेगा. म्हणाली, “म्हाराज, देवानं बी पावती घेतली म्हनता. मंग आमाला आमचं मस्टर का दावत न्हाईत? म्या घरात भितीवर रेघा वढल्यात. एकोनीस दिस भरल्यात. बारा दिसाचं पैसं दिलं. इचारलं तर म्हनत्यात, मस्टरला बाराच हाईत. तुमचं समदी ऐकत्यात. तुमी आज कीर्तनात एक शबुद बोला.”

मी तिला काय सांगितले ते लिहितो. मी म्हणालो, “माय, हे संसाराचं गाऱ्हाणं आहे. याचा पार लागायचा नाही. तू नाम घे, पांडुरंग बघून घेईल.”

ती काही बोलली नाही. पुन्हा पाया पडली आणि गेली. त्या रात्री ती कीर्तनाला नव्हती. काल्याच्या दिवशी यजमानाने मला शाल, श्रीफळ आणि पाकीट दिले. पाकिटात नेहमीपेक्षा जास्त होते.

आता जे विचारायचे ते हे, की मी तिला सांगितले ते शास्त्राला धरून होते का? शब्द पाहिले तर एकही खोटा नाही. नामाचा महिमा खरा, संसाराचा पार लागत नाही हेही खरे. आळंदीला शिकताना आम्हाला पूर्वपक्ष नीट मांडायला शिकवत, म्हणून माझा पक्ष आधी मांडतो. संतांनी सोसले. तुकोबांनी उपहास सोसला, नाथांनी अंगावर थुंकणाऱ्यावर राग धरला नाही. सोसणे हे साधूचे लक्षण आहे. प्रारब्ध भोगूनच संपते. हक्क हक्क म्हणत भांडल्याने अहंकार वाढतो आणि चित्त नामावरून उडते. तेव्हा वारकऱ्याने राजकारणापासून लांब राहावे, हे बरे.

हा पक्ष ऐकायला भक्कम वाटतो. पण त्याला एक भोक आहे आणि ते मोठे आहे. संतांनी सोसले ते स्वतःच्या अंगावर आलेले. दुसऱ्याला तू सोस म्हणून सांगणे, आणि तेही त्याला लुटणाऱ्याच्या मंडपात बसून, हे कोणत्या संताने केले? तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली. भावाच्या वाट्याची त्याला दिली, आपल्या वाट्याची सोडली. सोडला तो स्वतःचा हक्क. कुळांना बोलावून ‘नाम घ्या आणि मुकाट्याने व्याज भरा’ असे ते म्हणाले नाहीत. मी मात्र त्या बाईचा हक्क तिच्या वतीने सोडून दिला आणि पाकीट माझ्याकडे ठेवले.

दुसरी गोष्ट त्याच मंगळवेढ्याची. दामाजींची मी हजारदा सांगितली, ही त्या मानाने फार कमी वेळा. चोखोबांना मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर नेले. इ.स. 1338 साली ते कूस कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर त्याखाली गाडले गेले. नामदेवराय तिथे गेले, हाडे उचलून कानाशी धरली आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून पंढरीला आणली. महाद्वारापाशी समाधी झाली. आपण तिथे माथा टेकतो. पण त्या भिंतीखाली बाकीचे जे गेले, त्यांची नावे काय? ती वेठ होती. वेठीला मस्टर नसते. एका चोखोबांची हाडे तरी ओळखणारा कोणी आला. बाकीच्यांसाठी कान लावणारे कोणी नव्हते.

आपल्या राज्यघटनेच्या 23व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली आहे. आणि 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने, दिल्लीत आशियाई खेळांसाठी बांधकामे चालली होती त्या मजुरांच्या खटल्यात, असे सांगितले की किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणे हीसुद्धा वेठच. त्या मजुरांपैकी कोणी न्यायालयाची पायरी चढले नव्हते. एका नागरिक संघटनेने त्यांची हकिकत पत्रातून न्यायाधीशांना कळवली आणि त्या पत्रालाच अर्ज मानले गेले. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांनाही न्यायालयाने हेच लागू केले. दुष्काळ आहे, आम्ही उपकार म्हणून काम देतो, तेव्हा कमी दिले तरी चालेल, हे म्हणणे टिकले नाही. माझ्या ओसरीवर ती बाई आली त्याच्या तीन-चार वर्षे आधी हे झालेले होते. तिला ते ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. तिला ठाऊक नसणे समजू शकते. मी गावोगाव फिरणारा, रोज वर्तमानपत्र वाचणारा माणूस.

नातीने मला एक पुस्तक वाचायला दिले, त्यात राजस्थानचीच पुढची हकिकत होती. अरुणा रॉय नावाच्या बाई सनदी नोकरी सोडून, निखिल डे आणि शंकर सिंह यांच्यासह 1987 साली राजसमंद भागातल्या देवडुंगरी या गावात एका साध्या घरात राहायला आल्या. आसपासची माणसे दुष्काळी कामावर जाणारी. गाऱ्हाणे अगदी आमच्या माणदेशी बाईचेच. काम केले तेवढी मजुरी मिळत नाही, आणि विचारले तर कागदात तसेच लिहिले आहे म्हणतात. कागद दाखवा म्हटले तर तो सरकारी, गुप्त. 1 मे 1990 रोजी या लोकांनी मजदूर किसान शक्ती संघटन काढले. भांडता भांडता त्यांना उमगले की मजुरीचे भांडण आधी कागदाचे भांडण आहे.

डिसेंबर 1994 मध्ये कोट किराना गावी त्यांनी पहिली जनसुनवाई भरवली. म्हणजे काय, तर मिळवलेली मस्टरे आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचायची. अमक्याचे नाव, इतके दिवस, इतके रुपये. ज्याचे नाव निघेल त्याने उठून खरे काय ते सांगायचे. अशा सुनवायांतून कोणी म्हणाला, मी त्या कामावर कधी गेलोच नाही. कोणाचे नाव निघाले तर लोक म्हणाले, तो तर केव्हाच वारला. बांधल्याचे पैसे उचललेली काही बांधकामे जागेवर नव्हतीच. मंगळवेढ्याच्या भिंतीखाली माणसे गेली आणि त्यांची नावे कुठेच लिहिली नव्हती. इथे गेलेल्या माणसांची नावे लिहून त्यांच्या नावाने मजुरी उचलत होते.

मला त्यात सर्वांत भावले ते मोठ्याने वाचणे. आपल्याला ते नवीन नाही. पोथी फडताळात असते तोवर ती ज्याच्या घरी आहे त्याची. पारायणाला बसली की ऐकणाऱ्या सगळ्यांची होते. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीचीही. ज्ञानोबारायांनी गीता मराठीत आणली ती याचसाठी ना, की जे थोड्यांच्या मुठीत होते ते सगळ्यांच्या कानी पडावे. राजस्थानातल्या त्या मजुरांनी मस्टरचे पारायण केले, एवढेच मी म्हणेन.

6 एप्रिल 1996 पासून ब्यावर शहरात ते चाळीस दिवस धरणे धरून बसले. गावोगावच्या लोकांनी धान्य दिले, शहरातल्यांनी हातभार लावला. मागणी मजुरी वाढवा अशी नव्हती. आमच्या गावाच्या खर्चाचा कागद आम्हाला बघू द्या, एवढीच होती. 2000 साली राजस्थानात माहितीचा कायदा झाला. आपल्याकडे अण्णा हजारे आणि इतरांच्या आंदोलनातून 2002चा कायदा आला. 2005 साली साऱ्या देशाला माहितीचा अधिकार मिळाला. त्याच वर्षी आपल्या रोजगार हमीच्या धर्तीवर देशभराचा हमी कायदा झाला आणि त्याच्या 17व्या कलमात ग्रामसभेने कामांचे सामाजिक अंकेक्षण करावे, म्हणजे गावाने हिशोब तपासावा, असे लिहिले गेले. उन्हात माती वाहणाऱ्यांनी सुरू केलेली गोष्ट दिल्लीच्या कायद्यात जाऊन बसली.

‘अधिकार’ हा शब्द आपल्या परंपरेत वेगळ्या अर्थाने येतो. शास्त्रात अधिकार म्हणजे पात्रता. अमुक कर्माला कोण पात्र, अमुक विद्येला कोण पात्र. संतांनी या शब्दाचे जे केले ते विलक्षण आहे. त्यांनी नामाच्या दारात पात्रताच विचारली नाही. जात, कुळ, बाई की पुरुष, शिकलेला की अडाणी, काही नाही. माणूस आहेस ना, मग आत ये. माहितीचा कायदा मी पुन्हा पुन्हा वाचला तेव्हा एका ठिकाणी थबकलो. दहा रुपये भरून अर्ज करायचा, तीस दिवसांत उत्तर यायला हवे, आणि ही माहिती तुला कशाला हवी, असे कोणी विचारायचे नाही. कारण सांगण्याची सक्ती नाही. दारिद्र्यरेषेखालच्याला दहा रुपयेही नाहीत. ती बाई आज असती तर तिला माझ्या ओसरीवर येऊन ‘एक शबुद बोला’ म्हणावे लागले नसते.

असे लिहिले खरे, पण हे अर्धेच खरे आहे. कायदा झाला म्हणून एकट्या बाईला तो चालवता येतो असे नाही. देहूहून तळेगाव दाभाडे फार लांब नाही. तिथे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारातून जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. टाळ वाजत होता, पण तो एकट्याच्या हातात होता. म्हणून मला वाटते, समाजआरतीची खरी शिकवण तक्रार करण्यात जेवढी आहे तेवढीच, ती दिंडीने करण्यात आहे. त्या तळावर एकटा वारकरी ओरडत नाही. त्याची सारी दिंडी त्याच्यासाठी टाळ चालू ठेवते. पाणी एका राहुटीला मिळालेले नसते, हात सगळ्यांचे चालतात. एकट्याला गप्प करता येते. दिंडीला गप्प करायचे तर तिचे ऐकूनच घ्यावे लागते.

पंढरीतच याचे मोठे उदाहरण आहे. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजी 1 मे 1947 रोजी उपोषणाला बसले आणि 10 मेला ते सुटले. आपण ते दहा दिवस सांगतो. त्याआधीचे महिने सांगत नाही. गुरुजी तेव्हा महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, सेनापती बापट त्यांच्याबरोबर होते. सभा झाल्या, मेळे झाले, कितीतरी गावांत विहिरी आणि देवळे आधीच खुली झाली. पंढरीत पोचेपर्यंत गुरुजींच्या मागे अदृश्य अशी केवढी दिंडी होती! आणि ते उपोषण झाले ते तनपुरे महाराजांच्या मठात. एका वारकरी महाराजांनी आपला मठ दिला, हे आपल्या फडकऱ्यांनी विसरू नये. विरोध करणारेही आपल्यातच होते, हेही विसरू नये. ज्याने त्याने आपण कुठे उभे राहिलो असतो ते मनाशी पाहावे. मी माझे पाहिले आहे, आणि ते मला आवडलेले नाही.

कोणी म्हणेल, महाराज, ही सगळी राजकारणाची वाट आहे. एकदा शिरले की फडाफडांत पक्ष शिरतील. भीती खोटी नाही. आजही सप्ताहाच्या मंडपात निवडणुकीच्या वर्षी कोणाचे फलक लागतात ते आपण पाहतोच. सत्काराला कोण येतो, माइक कोणाच्या हातात जातो, तेही. पण गंमत अशी, की पुढारी व्यासपीठावर आला तर ते आपल्याला राजकारण वाटत नाही. मजूर बाई मस्टर मागायला आली की ते राजकारण होते. मला विचाराल तर नियम सोपा आहे. समाजआरतीत टाळ वाजवणारी दिंडी चोपदार बदला म्हणत नाही, आमचे ऐका म्हणते. आणि ऐकून घेतले की टाळ थांबवते. न थांबवणारी दिंडीही मी पाहिली आहे. तिचे पाण्याचे काम झालेले असते, पण तिला आता तळावर आपले नाव गाजवायचे असते. माहितीचे अर्ज टाकून मग तडजोडीचे पैसे घेणारे लोकही तालुक्याच्या गावी आहेत. त्यांनी टाळ विकायला काढला आहे. त्यांच्यामुळे खऱ्या तक्रारीचा आवाज संशयाने ऐकला जातो, हे त्यांचे पाप मोठे.

आणि मिळालेले तसेच टिकते असेही नाही. 2019 साली माहितीच्या कायद्यात बदल झाला. माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवणे केंद्र सरकारच्या हाती गेले. चोपदाराचे पोट ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्धची तक्रार चोपदाराने कशी ऐकायची, एवढा प्रश्न मला पडतो. पण तो विचारायला गावोगाव दिंड्या हव्यात.

आमच्या गावचे भजनी मंडळ दर एकादशीला बसते. मागच्या वर्षी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला मी त्यातल्या अकरा जणांना घेऊन गेलो. फार काही केले नाही. मागे बसलो, आणि कामांची यादी नावांसकट मोठ्याने वाचा, एवढे म्हणालो. ग्रामसेवक म्हणाले, वेळ लागेल. आमच्यातला पखवाजी म्हणाला, “आम्ही रात्रभर जागरणाला बसतो, साहेब.” लोक हसले. यादी वाचली गेली. दोन नावांवर गलका झाला, एकाचा खुलासा मिळाला, एकाचा पुढच्या सभेत देऊ म्हणाले. पुढच्या सभेला आम्ही पुन्हा जाऊन बसलो.

त्यानंतर मी माणदेशातल्या त्या गावी गेलो. सप्ताहाचा यजमान वारला होता. बाईचे नाव मला कधीच ठाऊक नव्हते. वय, घराची दिशा आणि रोजगार हमीचे ते वर्ष सांगत विचारत गेलो. शेवटी एका घरी पोचलो. ती बारा-तेरा वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा भेटला. त्याने चहा केला. मी कोण आणि कशासाठी आलो, ते त्याला सांगितले. तो ऐकत राहिला. आईने माझ्याबद्दल कधी काही सांगितले होते का, असे विचारले. नाही म्हणाला.

मी भिंतीवरच्या रेघांबद्दल विचारले. तो म्हणाला, “व्हय, आई वढायची. घरकुल मंजूर झालं तवा जुनं घर पाडलं. भित पाडताना दिसत हुत्या. लई हुत्या.”